उशांमधले ससे

सशाला घास घातला की बाळंतपण सोपं जातं, असं मी आज आमच्या जुन्या जालन्याच्या गल्लीत बोलले तर बाया तोंडाला पदर लावून हसतील. हसू द्या. आमच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या हे खरं होतं आणि मी बी ते खरं मानत होते. मानत होते म्हणूनच तर फसले.

माहेर माझं तीर्थपुरीच्या पलीकडं. एसटी तीर्थपुरीला सोडायची, तिथून पुढं बैलगाडी. गावाच्या डोक्यावर जुनी गढी, म्हंजे आता नुस्ता मातीचा ढिगारा, आणि गढीच्या मागं आमचा माळ. माळ कसला, पहार मारली तर ठिणगी निघावी असला खडक. वर तरवडाची झुडपं आणि चार बोरी. पण त्याच माळाच्या उताराला मातीच्या पाच लांबोळक्या टेकाड्या होत्या. कंबरेइतक्या उंच, वरून गोल, दोन बैलगाड्या एकामागं एक लावाव्या तेवढ्या लांब. प्रत्येकीच्या भवती चर खणलेला, पावसाचं पाणी आत न शिरता निघून जावं म्हणून. गावात त्यांना उशा म्हणायचे. बाहेरगावचा माणूस आला की हमखास इचारायचा, ह्या कुणाच्या कबरी हायेत का? मंग आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो.

कबरी न्हवत्या. ते सशाचं घर होतं. म्हातारी माणसं सांगायची, मोगलाईच्या बी आधी गढीवर कोणी सरदार होता, त्याला ससे पाळायची हौस आली. परमुलखातून बिळात राहणारे ससे आणले. पण आमच्या माळावर त्यांना बीळ खोदता येईना, नखं मोडायची. मंग त्यानं नदीकाठची मऊ माती गाड्यांनी वाहून आणली, ह्या उशा रचल्या, आणि आत दगडाच्या मोऱ्या घालून दिल्या, हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या रुंद. पाहुणे आले की मोरीच्या तोंडाला जाळी लावायची आणि ससा काढायचा, कोठीतून धान्य काढावं तसा. पुढं सरदार गेला, गढी पडली, ते परमुलखातले ससे बी संपले. आमच्या रानातला ससा काही बीळ करत न्हाई, तो झुडपाखाली दबून बसणारा. पण उन्हाळ्यात माळ तव्यासारखा तापायचा, तव्हा हे रानससे दुपारी त्या गार मोऱ्यांत जाऊन पडायला शिकले. सरदाराचं खरं-खोटं देव जाणे, मी आपलं ऐकलेलं सांगते. मोऱ्यांतले ससे मात्र मी डोळ्यानं पाह्यलेत.

माळ आमच्या घराण्याचा, म्हणून उशा बी आमच्याच. आणि आमच्या घरात एक रीत होती. उशीवरचा ससा कुणी मारायचा न्हाई. रानात मारा, वावरात मारा, पण पळता पळता तो उशीवर चढला की सुटला. दुसरी रीत लेकींची. घरची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की तिनं रोज दिवस कलताना उशांवर हिरवा घास टाकायचा. सशीण कशी कुणाला हाक न मारता, वाटी-तेल न मागता मोकळी होती, तसं लेकीचं व्हावं म्हणून. माझ्या आत्यानं टाकला, तिच्या आत्यानं टाकला. लेकीनं टाकलेल्या घासाला ससे धिटाईनं येतात, असं आत्या सांगायची. येणारच की. रोज त्याच वेळी त्याच जागी हिरवं मिळालं तर कोण येणार न्हाई?

आता अण्णांचं सांगते. अण्णा म्हंजे माझे वडील. वाईट माणूस न्हवता हो. कधी हात उगारला न्हाई, शिवी दिली न्हाई. फक्त मी घरात हाय हे त्यांच्या ध्यानातच नसायचं. तीन भावांवर मी एकटी. भाऊ त्यांच्यासंगं बाजाराला जायचे, बैल पाहायला जायचे, ताटाला ताट लावून जेवायचे. मी ताट वाढायची. एकदा शाळेतून पहिला नंबर आणला आणि सांगितलं, तर म्हन्ले, "बरं झालं, ते पाणी आण जरा." मी पाणी आणलं. त्या माणसानं एकदा मला जवळ बसवून 'कशी हायेस गं' म्हणावं, ह्यासाठी मी काय केलं नसतं! बारा-तेरा वर्षांची असल्यापासून मला तेवढंच पाह्यजे होतं.

लग्न होऊन मी जालन्याला आले, मस्तगडाजवळच्या दोन खोल्यांत. जालना नुकताच जिल्हा झालता. रोज नवी ऑफिसं निघून राह्यली होती आणि आमचे हे त्यातल्याच एका ऑफिसात लागले होते. वरीसभरात दिवस राह्यले. सातवा लागला की माहेरी जायचं, असं ठरलेलं. आणि पाचवा नुकताच लागलेला असताना एका सकाळी दारात अण्णा उभे! डोक्याला फेटा, हातात कापडी पिशवी, पिशवीत माझ्यासाठी बोरकूट. मला बोरकूट आवडतं हे त्यांना म्हाईत होतं, हेच मला म्हाईत न्हवतं.

सासूबाईंचं तोंड उतरलं. "आत्ताच? पाचव्यात? लोकं म्हणतील आम्ही पोरीला खायला घालत न्हाई."

अण्णांनी हात जोडले. "तसं न्हाई हो व्याहीणबाई. लेकीची लई सय येऊन राह्यली. घर खायला उठतंय. आता न्हाई म्हणू नका."

मी चुलीपाशी होते. हातात चिमटा तसाच, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. सासूबाईंना वाटलं धूर लागला. धूर कुठला! माझ्या बापाला माझी सय येत होती. त्या दिवशी कुणी मला जालना जिल्हा लिहून दिला असता तरी मी म्हणाले असते, ठेवा तिकडं.

वाटेत बसमध्ये त्यांनी मला खिडकीपाशी बसवलं. पुढं बैलगाडीत गोधडी घातलेली. घरी पोचले तर माय म्हणाली, "आलीस का?" एवढंच. तिच्या तोंडावर हसू न्हवतं. मला राग आला तिचा. म्हटलं, बापाला लेकीची माया, आणि हिला आपलं चार भाकरी जास्त थापायचं दुःख.

तो उन्हाळा फार कडक होता. विहिरीला पाणी असं-तसंच. थारोळ्याच्या, म्हंजे मोटेचं पाणी पडतं त्या डोणीच्या, कडेला वाफाभर लसूणघास होता, तो दुभत्या म्हशीसाठी राखलेला. पहिल्याच संध्याकाळी अण्णा इळा घेऊन आले आणि म्हन्ले, "चल पोरी, सशाला घास टाकायचा ना?"

"अण्णा, म्हशीला काय राहील?"

"म्हस मेली तरी चालल. तुझं नीट झालं पाह्यजे."

काय सांगू तुम्हाला! मी तो भारा डोक्यावर घेतला न्हाई, मिरवला. पहिले दोन-चार दिवस कोणी आलं न्हाई. सकाळी पाहावं तर घास वाळून गेलेला. मंग एक आला, कान फाटलेला, भांडून आलेल्या बोक्यासारखा. तो एक उडी मारायचा, थांबायचा, माझ्याकडं बघायचा. मी दगडासारखी बसून राह्यची. त्यानं तोंडात एक काडी धरली आणि ती कराकरा आत जाताना पाहून मला इतकं हसू आलं की पोटातलं लेकरू बी हाललं. पुढं त्याच्या मागं दुसरे आले. महिन्याभरात असं झालं की मी चर ओलांडला की बोरीखालून कान वर व्हायचे. मला कोणी इतकं ओळखत न्हवतं तव्हा.

रात्रीचं जेवण झालं की अण्णा मला हाक मारायचे. भावांना न्हाई, मला. "बस इथं. आले का आज ससे? लई आले का?" मी सांगायची. ते मन लावून ऐकायचे. "आणि दुपारी कुठं पडतात गं? कोणत्या उशीत? कोणत्या तोंडानं आत जातात?" मी भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन, उन्हातान्हात जाऊन पाहून यायची, कारण अण्णांनी इचारलं होतं. फाटक्या कानाचा मधल्या उशीत. दोन लहाने कडेच्या मोरीत, तिचं दुसरं तोंड दगडानं बुजलेलं. ते म्हणायचे, "बराबर. हुशार हाय माझी लेक." माय चुलीपाशी भांडे आपटायची.

आता तलावाचं सांगायला पाह्यजे, त्याशिवाय पुढचं कळणार न्हाई. माळाच्या खाली ओढा होता, त्याच्यावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. रोजगार हमीचं. गावातल्या निम्म्या बाया तिथं मुरूम उचलायला. भिंत घालायची तर आत मऊ चिकण माती लागती, नुस्त्या मुरमानं पाणी थांबत न्हाई. आणि जवळपास तशी माती दोनच ठिकाणी. एक आमच्या उशा. दुसरी ओढ्याकाठची आमची काळी, जिच्यावर आमचं घर खात होतं.

एक दिवस तलावाचा साहेब आमच्या ओट्यावर येऊन बसला. तरणाच होता, जिल्ह्याहून जीपमध्ये यायचा. मी दाराआड. तो म्हन्ला, त्या टेकाड्या पडूनच हायेत, तिथून माती घेऊ. आणि अण्णांचा आवाज चढला. "साहेब, उशांना हात लावायचा न्हाई! आमच्या घराण्याची रीत हाय. माझी गरवार लेक तिथं रोज घास टाकती." माझं ऊर भरून आलं. साहेब चहा पिऊन गेला.

तरी दोन दिवसांनी मिस्त्री बायांना घेऊन उशांपाशी आला. मी बी पाहायला गेले. बायांनी पाह्यलं, मोरीच्या तोंडाशी ताज्या लेंड्या, वर कालचा घास. त्यांनी कुदळी खाली ठेवल्या. त्यातली एक म्हातारी बाई म्हणाली, "ससे हायेत तोवर आमच्यानं व्हायचं न्हाई. भरल्या घरावर कुदळ मारायची का? आमच्यातल्या बी दोघी पोटुशा हायेत." मिस्त्री ओरडला, हजेरी कापीन म्हन्ला. बाया हालल्या न्हाईत. अण्णा तिथंच होते, खाली मान घालून. मला वाटलं, मनातून खूश झाले असतील. मी त्या म्हातारीच्या पाया पडले.

मंग जीपचा दिवस. सकाळी अण्णा म्हन्ले, "साहेब भला माणूस हाय. झालं गेलं इसरला. तुला दवाखान्यात दाखवायला गाडी देतो म्हन्ला. तीर्थपुरीला जाऊन ये मायीसंगं. नवी साडी नेस." गावातली पहिली बाई मी, तपासायला जीपमध्ये बसून जाणारी! शेजारच्या बाया दारात येऊन बघून राह्यल्या होत्या. मी पुढं ड्रायव्हरजवळ बसले. माय मागं बसली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ठीक हाय म्हणून सांगितलं. ड्रायव्हरनं बाजारात उगाच लई वेळ लावला. माय उसाचा रस बी प्याली न्हाई.

परत आलो तव्हा दिवस कलायला लागला होता. गढीला वळसा घातला आणि वास आला. मिरच्याच्या धुराचा, नाकात झोंबणारा. मी ड्रायव्हरला म्हटलं, थांबवा. उतरले आणि उशांकडं गेले, जड पोटानं जमंल तशी. एकेका मोरीच्या तोंडाशी जळक्या गोवऱ्यांची राख, अर्ध्या मिरच्या तशाच पडलेल्या. चरात वाघरीच्या खुंट्या ठोकल्याच्या खुणा. वाघूर म्हंजे सशाची जाळी. कडेच्या मोरीपाशी राख न्हवती, नुस्ता बुजलेल्या तोंडाचा दगड काढून ससे हातानं ओढलेले. त्या मोरीचं दुसरं तोंड दगडानं बुजलेलं हाय, हे बाहेरच्या माणसाला कसं कळावं? ते तर मी एकाच माणसाला सांगितलं होतं. पण तव्हा माझ्या डोक्यात ते आलं न्हाई. खरंच आलं न्हाई. माणूस आपल्या बापाचा असा हिशेब मांडतो का?

घरी आले तर अंगणात तीच जीप, आणि तिच्यात मागून दोन पोती चढवून राह्यले होते. अनोळखी माणसं, बाहेरगावची. मी म्हटलं, "काय हाय त्यात?"

"ज्वारी," अण्णा म्हन्ले. "साहेबाच्या घरी."

ज्वारी कधी हालती का? माझ्या डोळ्यांदेखत ते पोतं हाललं. एका जागी टोक आलं, मंग दुसऱ्या जागी. मी हात पुढं केला तर अण्णांनी मला खांद्याला धरून मागं घेतलं, हळूच, पोटाला धक्का लागू न देता. जीप गेली. मंग ते ओट्यावर बसले आणि डोक्याचा फेटा काढून म्हन्ले, "पोरी, मी घरी न्हवतो. वावरात गेल्तो. साहेबाच्या माणसांनी घात केला. आता मोठ्या लोकांपुढं आपलं काय चालतं? पोती मी कशी अडवू?"

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांचे पाय दाबले. साहेबाला, त्याच्या खानदानाला, त्याच्या जीपला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. अण्णा माझ्या डोक्यावरून हात फिरवत राह्यले. जन्मात पहिल्यांदा.

मी आत गेले. माय पीठ मळत होती. मी अजून बडबडत होते, त्या साहेबाचं वाटोळं होईल, त्याला किडे पडतील, माझ्या बापाला फसवलं त्यानं. माय म्हणाली, "साहेबाला शिव्या देऊ नको."

"कामून देऊ नको?"

तिनं पिठाचे हात परातीत तसेच ठेवले. "तुला आणायला जालन्याला गेले ना, त्याच्या आदल्या दिवशी साहेब इथंच जेवून गेल्ता. काळी सोडा, उशा घ्या, असं तुझ्या बापानंच सांगितलं. साहेब म्हन्ला, तिथं ससे हायेत, बाया कुदळ लावणार न्हाईत. तुझा बाप म्हन्ला, ससे माझ्याकडं लागले. लेकीला आणतो, ती घास टाकून सगळे एका जागी गोळा करंल. मी टाकला तर गावाला वास येईल, गरवार लेकीनं टाकला तर कोण काय म्हणंल?"

"आणि तू मला सांगितलं न्हाई?"

"मला ह्या घरात कुणी कधी काय इचारलंय गं? आणि तुला सांगितलं असतं तर तू मानलं असतं का? तू तर त्याच्यापुढं पाट घालून बसायचीस रोज." आणि ती परत पीठ मळायला लागली.

मी भिंतीला टेकून उभी राह्यले. पाचव्यात आणायला आले, ते. बोरकूट, ते. म्हस मेली तरी चालल, ते. ओट्यावर मोठ्यानं बोलले, ते मला ऐकू यावं म्हणून. रोज हाक मारून जवळ बसवलं, ते. आणि जीप. सगळं एकाच वेळी अंगावर आलं. सशासाठी मी रडले असते, रडले बी. पण खरं सांगते, सशापेक्षा जास्त मी त्या संध्याकाळच्या हाकांसाठी रडले. त्या माझ्या न्हवत्याच.

मी बाहेर गेले. "अण्णा, मला ह्याच्यासाठी आणलं का?"

त्यांनी एकदा आत, मायीकडं पाह्यलं. मंग माझ्याकडं. "गरवार बाईनं असलं मनात आणू नये," ते म्हन्ले. "जा, जेवून घे."

दुसऱ्या दिवशी बाया उशांवर आल्या. मोऱ्यांत हात घालून पाह्यलं. रिकाम्या. म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडं पाह्यलं आणि इचारलं, "ताई, तुमचे ससे कुठं गेले?" मी पदर डोळ्याला लावला. ती समजायचं ते समजली. तिनं पदर खोचला आणि कुदळ घेतली. त्यांचं तरी काय चुकलं? हजेरी पाह्यजे होती. मातीचा पापुद्रा निघाला, खालून दगडी मोऱ्या निघाल्या, किती नीट लावलेल्या, दगडाला दगड घासून. एकीत बारीक हाडं निघाली, पार जुनी, हात लावला की भुगा होणारी. कुणास ठाऊक, त्या सरदाराच्या सशांची असतील. आठ-पंधरा दिवसांत सगळी माती भिंतीत गेली आणि मोऱ्यांचे दगड बी खाली पिचिंगला, म्हंजे भिंतीच्या उताराच्या दगडी अस्तराला, लावले. अण्णा गावात सांगायचे, "लेकीचा पायगुण. काळी वाचली आमची." आणि बाया माझ्याकडं बघायच्या.

मी ह्यांना निरोप धाडला. हे येऊन मला घेऊन गेले. बाळंतपण जालन्यातच झालं, दवाखान्यात, दीड दिवस कळा देऊन. मुलगी झाली. अण्णा बारशाला आले, लेकराच्या हातात चांदीच्या बिंदल्या घातल्या. मी पाया पडले. न पडून सांगता कुणाला?

पुढं माहेरी जात राह्यले. पंचमीला, दिवाळीला. अण्णा कव्हाही न्यायला आले की मी मनात पहिलं हेच इचारायची, आता काय पाह्यजे असल ह्यांना? बऱ्याचदा काहीच नसायचं. बिचारे नुस्तेच आलेले असायचे. पण माझ्यातलं ते संशयानं पाहणं काही गेलं न्हाई, आणि त्यापायी राग मला त्यांचाच यायचा. मला मोठं काही नको होतं. जमीन नको, माफी नको. त्यांनी एकदा, एकट्यात का होईना, म्हणावं, हौ, सशांसाठी आणलं होतं तुला. म्हंजे मंग पुढच्या खेपा तरी मला खऱ्या मानता आल्या असत्या. माय असेपर्यंत मला वाटायचं, ती कधीतरी त्यांच्यापुढं बोलंल. ती गेली. मंग म्हाईत असणारे आम्ही दोघंच राह्यलो.

शतक बदलायच्या सुमाराला अण्णा मोतीबिंदू काढायला जालन्याला आले आणि आमच्याकडं राह्यले. डोळ्याची पट्टी निघाली होती. थकले होते, पण आवाज तसाच. माझी लेक तव्हा कॉलेजात. तिला जुन्या गोष्टींचं वेड. एक दिवस ती लायब्ररीतून जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आली आणि थेट स्वयंपाकघरात. "आई, हे बघ!"

फोटो विमानातून काढलेला. हिरवा उतार आणि त्याच्यावर आडव्या लांबोळक्या टेकाड्या, वरून गोल, भवती चर. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. लेक वाचून सांगून राह्यली होती. तिकडं विलायतेत शेकडो वर्षांपूर्वी राजे, सरदार आणि मठातले साधू ससे पाळायचे. सशांना खोदायला सोपं जावं म्हणून मऊ मातीचे ढीग घालायचे, पाणी जायला चर काढायचे, काही ठिकाणी आत दगडी बिळं बी बांधून द्यायचे. ससे गेले, ढीग राह्यले. आता तिकडं कुणी त्यांना हात लावत न्हाई, सरकार जपतं. "आणि आई, तिकडं बी त्यांना उशाच म्हणतात! तू सांगायचीस तशाच!"

मला काय वाटलं ते सांगता येत न्हाई. म्हंजे गावातली म्हातारी माणसं खोटं बोलत न्हवती. जगात कुठंतरी तसल्याच उशा अजून उन्हात पडल्या हायेत, अंगावर गवत घेऊन. आणि आमच्या गेल्या.

लेकीनं पुस्तक अण्णांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं, लई वेळ. मंग फोटोवरून बोट फिरवलं. "आमच्याकडं बी होत्या," ते म्हन्ले. "बराबर अशाच. तुझ्या आईनं लई जीव लावला होता त्यांना."

"मंग कुठं गेल्या, आबा?"

"सरकारनं नेल्या, बाई. तलावाला माती पाह्यजे होती. साहेबाच्या माणसांनी ससे मारले, उशा खणल्या. मी लई आडवा पडलो. गरिबाचं कोण ऐकतं?" आणि त्यांच्या त्या नव्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. नाटक न्हवतं ते. तेच मला सहन झालं न्हाई.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "अण्णा, सांगा तिला. खरं सांगा. माय न्हाई, कुणी न्हाई. मला तव्हा कामून आणलं होतं?"

"बाप लेकीला कामून आणतो? बाळंतपणाला आणलं."

"आणि ससे? कोणत्या मोरीत पडतात ते मी कुणाला सांगायची? ती वाघूर कुणी लावली?"

ते चिडले न्हाईत. उलट कीव आल्यासारखं तोंड केलं, आणि लेकीकडं वळून, समजावून सांगावं तसं म्हन्ले, "तिला काय म्हाईत, बाई? ती कुठं होती तिथं? ती तर नवी साडी नेसून जीपमध्ये बसून तीर्थपुरीला गेल्ती."

माझी लेक माझ्याकडं वळली. "आई, तू न्हवतीस तिथं?"

"न्हवते," मी म्हणाले.